लव्हॉनच्या नावापुढचा आकडा

आयुष्यात माझ्या हातून एकही बास्केट झालेलं नाही. शाळेची चारही वर्षं मी केसबर्गच्या मुलींच्या संघात होते, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळले, एकदा नाक मोडून घेतलं, आणि माझ्या नावावर पॉइंट शून्य. यात लाजण्यासारखं काही नाही. मी गार्ड होते.

आमच्या वेळी आयोवात मुलींचा बास्केटबॉल सहा-सहा जणींचा असायचा. मैदानाच्या मधोमध एक रेघ. रेघेच्या पलीकडे आपल्या तीन फॉरवर्ड, त्यांनी बास्केट करायचं. अलीकडे आपल्या तीन गार्ड, त्यांनी समोरच्यांना करू द्यायचं नाही. रेघ कुणीही ओलांडायची नाही. नुसतं पाऊल पडलं तरी शिट्टी, आणि चेंडू समोरच्यांच्या हातात. पोरींना अख्खं मैदान धावणं झेपणार नाही, पुढे त्यांचं मूलबाळाचं कसं होईल, अशी काळजी ज्या शहाण्यांना लागली होती त्यांनी हा नियम केला होता. त्याच पोरी पहाटे उठून डुकरांना खाणं घालून शाळेत येत होत्या, ते मात्र त्यांना झेपताना दिसत होतं.

गार्डनं चेंडू हिसकावला की तो रेघेपर्यंत आणायचा आणि पलीकडे फॉरवर्डच्या हाती द्यायचा. संपलं आपलं काम. आम्हाला कुणी ढकलून पाडलं तर त्या बदल्यात मिळालेली फेकसुद्धा दुसऱ्या टोकाला आपली फॉरवर्डच घ्यायची. ढोपर आमचं फुटायचं, पॉइंट तिचा व्हायचा.

आम्ही तिघी गार्ड. मी, मर्ना क्लाइन आणि लव्हॉन टिग्गेस. मर्ना गेली. आमच्यात लव्हॉन सगळ्यात भारी. ज्या वर्षी आम्ही राज्याचा अंतिम सामना जिंकलो त्या वर्षी समोरच्या संघात रोंडा स्मिट नावाची ताडमाड पोरगी होती, ती एकटी सामन्याला पन्नास-साठ पॉइंट करायची. त्या संध्याकाळी अख्खं राज्य टीव्हीसमोर बसलं होतं, आणि लव्हॉननं त्या रोंडाला डझनावर जाऊ दिलं नाही. शेवटी शेवटी रोंडा भर मैदानात रडायला लागली. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो आला. लोकांच्या खांद्यावर बसलेली नॅडीन होल्स्ट. नॅडीन आमची फॉरवर्ड.

नॅडीन कोण हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर आमच्या गावाच्या वेशीवर पाटी आहे, तिच्यावर लिहिलंय. शाळेत चार हजारांवर पॉइंट केले. मग शिकली, इतिहासाची प्राध्यापक झाली, आयोवातल्या पोरींच्या याच खेळावर जाडजूड पुस्तक लिहिलं, एका मोठ्या विद्यापीठाची प्रमुख झाली, वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हातून पदक घेतलं. नामवंत अमेरिकनांची कुठंही जंत्री निघाली की हिचं नाव असतंच. पुस्तक मी वाचलंय. त्यात गार्डबद्दल एक वाक्य आहे. गार्डचं कष्टाचं कामही विसरून चालणार नाही, असं. ते लिहून ती पुढच्या पानावर विसरली.

लव्हॉननं शाळेची बस चालवली, तीन पोरं वाढवली, नवरा पुरला. मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं बहुतेक गेलं. डोकं मात्र जसंच्या तसं. लोकांना हे समजत नाही. जिभेवर शब्द येईना की माणूस आतूनही रिकामं झालं असं धरून चालतात आणि त्याच्याशी मोठ्यानं, लाडानं बोलायला लागतात. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात तिला भेटायला मी रोज जायचे. डॉक्टरनं तिच्या मुलीला, शेलीला, सांगून ठेवलं होतं की पुढचा झटका शेवटचा असेल. लव्हॉनलाही ते ठाऊक होतं.

त्यात गावानं शाळेसाठी नवं क्रीडागृह बांधलं. नाव अर्थात नॅडीन होल्स्टचं. पेपरात बातमी आली की आत एक भिंत असेल, तिच्यावर त्या जुन्या खेळातल्या मुलींच्या नावाच्या पितळी पट्ट्या लागतील. मी ती बातमी लव्हॉनला वाचून दाखवली. तिनं पेपर डाव्या हातानं ओढून घेतला आणि नावांवरून बोट फिरवलं. एकदा. मग परत एकदा.

"आपण?" ती म्हणाली.

"नाहीये आपण. फॉरवर्डच आहेत सगळ्या."

ती बराच वेळ शब्द गोळा करत राहिली. "माझं नाव," ती म्हणाली. "भिंतीवर. पोरीला दिसेल." पोरगी म्हणजे तिची नात. ती आता त्याच शाळेत खेळते.

साठ वर्षांच्या ओळखीत या बाईनं माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं. बर्फात गाडी अडकली तरी फोन न करता चालत घरी जाणारी बाई ती. मी कोट घातला आणि शाळेत गेले.

शाळेच्या खेळांचा प्रमुख ब्रेडी क्लाइन. मर्नाचा नातू. दिसायला देखणा, वागायला नम्र आणि डोक्यानं बेताचा.

"मिसेस व्हॅन रोकेल! या ना, बसा. कॉफी?"

"कॉफी नको. भिंतीवर गार्ड का नाहीत ते सांग."

"गार्ड म्हणजे... त्या मागं खेळायच्या त्या?"

"तुझी आजी गार्ड होती रे."

"आजी खेळायची?" तो खरंच चकित झाला. "कधी बोलली नाही ती."

"तिला कधी कुणी विचारलं नाही."

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "त्याचं असं आहे, समितीनं ठरवलंय की पट्टीवर नाव आणि नावापुढं एकूण पॉइंट. सगळ्या तशाच केल्यात. आता गार्डच्या नावापुढं मी काय घालू? शून्य? बरं दिसेल का ते? तुम्हालाच वाईट वाटेल."

"अडवलेले पॉइंट घाल."

"मोजलेत का ते कुणी?"

कुणीच मोजले नव्हते. चेंडू हिसकावले किती, तेही कुणी टिपलं नाही. टेबलापाशी हिशेब लिहायला बसलेला माणूस आमच्या बाजूला काही झालं की हातातलं पेन खाली ठेवायचा. आमच्या कामाचा पुरावा म्हणजे जे घडलं नाही ते, आणि न घडलेल्या गोष्टीचा हिशेब जगात कुणी ठेवत नाही.

"नॅडीनबाईंनी शब्द टाकला तर समिती नाही म्हणायची नाही," ब्रेडी म्हणाला. गेल्या पन्नास वर्षांत गावात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते वेशीवरच्या पाटीवरच घालायला हवं होतं.

मी नॅडीनच्या कचेरीत निरोप ठेवला. आठवड्याभरानं तिचा फोन आला.

"आर्डी! अगं, आहेस कुठं तू?"

"जिथं सोडून गेलीस तिथंच."

ती खळखळून हसली. हसणं तिचं अजून तसंच, समोरच्याला वाटावं की आपण फार मोठा विनोद केला. मी सगळं सांगितलं. लव्हॉनचा आजार, भिंत, पट्टी, शून्याची भानगड. ती शांतपणे ऐकत होती. ऐकायची कला आहे तिच्याकडे, खोटं कशाला बोलू.

"आर्डी, तुम्हा गार्डशिवाय मी कोण होते गं?"

"हेच भिंतीवर लिही."

"माझ्यावर सोड. लव्हॉनला मी असं काही देईन ना, अख्खा देश बघत राहील."

"देशाचं जाऊ दे. पितळेची एक पट्टी दे."

"तू अजून तशीच कडवट आहेस हं."

"आणि तू अजून तशीच गोड," मी म्हटलं. तिला ते कौतुक वाटलं.

लव्हॉनला मी सांगितलं, होतंय तुझं काम. तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि सोडेचना. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिनं आश्रमात येणाऱ्या बाईकडून केस सेट करून घेतले. लाल स्वेटर कपाटातून काढायला लावला, शाळेचा रंग. तो अंगात चढवताना तिच्या उजव्या हातानं शेलीचा अर्धा तास खाल्ला, पण दुसरा कुठला घालून घेईना.

फेब्रुवारीतली शुक्रवारची संध्याकाळ. मुलींच्या सामन्याआधी उद्घाटन. बाहेर गाड्यांच्या तळावर यंत्रानं ढकलून बाजूला केलेल्या बर्फाचे ढीग, आत हॅमची सँडविचं, जेलीचं सॅलड आणि नेहमीची पाणचट कॉफी. डी मॉइनहून टीव्हीवाले आले होते. भिंतीवर लाल कापड होतं. खुर्च्या पुढच्या ओळीत मांडल्या होत्या आणि लव्हॉनची चाकाची खुर्ची सगळ्यांच्या पुढं. मी मुद्दाम मागच्या ओळीत, अगदी कडेला शेलीशेजारी बसले होते. मला तिचा चेहरा बाजूनं दिसत होता. ती त्या लाल कापडाकडं बघत होती, बाकी कुठं नाही.

नॅडीन बोलली. छान बोलली. ती वाईट बोलूच शकत नाही. गावाबद्दल, मक्याबद्दल, आमच्या जुन्या कोचच्या शिव्यांबद्दल. लोक हसले, डोळे पुसले. मग ती खाली आली आणि लव्हॉनच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"ही माझी गार्ड," ती माइकमध्ये म्हणाली. "चार वर्षं या बाईला एकदाही चेंडू बास्केटात टाकू दिला नाही. काही पुरुषांनी एका बंद खोलीत बसून ठरवलं आणि हिला अर्धं मैदान बंद झालं. आज मी हिला ते अर्धं मैदान परत देणार आहे. लव्हॉन, आज तू टाकायचंस!"

सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं.

अर्धं मैदान तिला बंद होतं, खरं आहे. पण उरलेलं अर्धं तिचं होतं. त्या अर्ध्यात तिच्या परवानगीशिवाय कुणाला बास्केट करता येत नव्हतं. चेंडू टाकायला मिळाला नाही म्हणून लव्हॉन कधी झुरलेली मी पाहिली नाही. टाकणाऱ्या पोरी म्हणजे तिला नुसत्या मिरवणाऱ्या वाटायच्या. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात तसलं हे बक्षीस होतं. तिनं पट्टी मागितली होती, आणि हे तिला फॉरवर्ड करायला निघाले होते.

नॅडीननं स्वतः खुर्ची ढकलायला घेतली. टाळ्यांच्या तालावर. मधल्या रेघेपाशी आल्यावर लव्हॉननं डावा हात खाली घातला आणि चाक पकडलं. खुर्ची गर्रकन वाकडी झाली.

"नाही," ती म्हणाली. माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "नाही. रेघ."

नॅडीन तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. "अगं राणी, तो नियम गेला. कधीच गेला. आता तू मोकळी आहेस."

"रेघ," लव्हॉन म्हणाली.

गर्दीतून 'अरेरे' आणि 'किती गोड' यांच्या मधला एक आवाज निघाला. लोक तिच्याकडं बघून हसत होते, तान्ह्या बाळानं भलतंच काही बोलल्यावर हसतात तसे. मी उठले. शेलीनं माझी बाही धरली.

"मावशी, बसा ना. आई जरा गोंधळलीय."

"तुझी आई गोंधळलेली नाही. ती नाही म्हणतेय."

"मावशी, टीव्हीवाले आहेत."

तेवढ्यात नॅडीननं लव्हॉनची बोटं चाकावरून सोडवली होती. अगदी हळुवार, एकेक करून, वर त्या हाताची पापी घेतली. आणि खुर्ची रेघेच्या पलीकडं गेली.

चेंडू मांडीवर ठेवला, तो घरंगळला. ब्रेडीनं धावत जाऊन आणला. परत ठेवला, परत घरंगळला. मग नॅडीननं तो लव्हॉनच्या डाव्या हातावर ठेवला, खाली स्वतःचा हात लावला, आणि एक, दोन म्हणत उंच फेकला. चेंडू कडीला न शिवता जाळीतून खाली आला. काय नेम होता! या वयातही. लव्हॉनचं आयुष्यातलं एकुलतं एक बास्केट, आणि तेही नॅडीननंच केलं.

आकड्यांच्या फळीवर 'केसबर्ग २' असं झळकलं. लोक वेडे झाले. मग त्या गोंधळातच भिंतीवरचं लाल कापड ओढलं. नॅडीनची पट्टी सगळ्यात वर, चार हजार आणि काही. खाली बाकीच्या. आणि अगदी तळाला, नवीकोरी, 'लव्हॉन टिग्गेस, गार्ड'. पुढं आकडा २.

पट्टी आधीच कोरून तयार होती. चेंडू पडायच्या आधी, लव्हॉन नाही म्हणायच्याही आधी.

लव्हॉनच्या गालांवरून पाणी वाहत होतं. टीव्हीवाल्यानं कॅमेरा अगदी जवळ नेला. त्या रात्रीच्या बातम्यांत त्याला आनंदाश्रू म्हणाले.

आम्ही तिला गाडीतून परत नेलं. आश्रमाच्या दारात शेली खुर्ची उतरवायला मागं गेली तेव्हा लव्हॉन मला म्हणाली, "शिट्टी."

"काय गं?"

"मी रेघ ओलांडली." तिला दम लागला. "कुणी शिट्टी नाही वाजवली."

मी नुसता तिच्या स्वेटरवरचा बर्फ झटकला.

"काढ," ती म्हणाली. "नाव काढ."

पुढच्या दोन-तीन दिवसांत ती चित्रफीत देशभर फिरली. बाहत्तराव्या वर्षी पहिलं बास्केट. ओरेगनहून आणि टेक्सासहून फुलं आली, टेडी बेअर आले. आश्रमातल्या पोरी तिला 'आमची चॅम्पियन' म्हणून हाका मारायला लागल्या. भीक नको पण कुत्रं आवर अशी तिची गत झाली. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. नात आली आणि कौतुकानं म्हणाली, "आजी, तुझे दोन पॉइंट झाले!" तेव्हा लव्हॉननं डोळे मिटून घेतले. पोरीला दिसावं म्हणून जे मागितलं होतं ते पोरीला दिसलं, ते असं.

मला वाटलं मधला मार्ग निघेल. मी परत ब्रेडीकडं गेले.

"तेवढा दोनचा आकडा काढ. नाव राहू दे."

"नाही जमायचं हो, मिसेस व्हॅन रोकेल. आकड्याशिवाय पट्टी नाही, समितीचा ठराव आहे. तुमच्यासाठीच तर एवढा खटाटोप केला. नॅडीनबाईंनीच तोडगा काढला, म्हणाल्या, नियमही मोडायला नको आणि तिचाही मान राहील."

"मग शून्य घाल."

"शून्य?" त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्याला भिंतीवर शिवी लिहायला सांगत होते. "लोक काय म्हणतील? अपमान वाटेल तो. आणि खरं सांगू, तीच पट्टी बघायला लोक येतायत आता. परवा मिनेसोटाहून एक बस आली होती."

"म्हणजे दोनसकट नाव, नाहीतर नावच नाही."

"तसंच म्हणा," तो पडेल चेहऱ्यानं म्हणाला. वाईट पोरगा नाही. वाईट कुणीच नव्हतं यात, म्हणून तर कुणाच्या मुस्कटात मारता येत नव्हती.

मी लव्हॉनला जसं होतं तसं सांगितलं. वर थोडी वकिलीही केली. म्हटलं, "राहू दे गं. आकड्याकडं कोण बघतंय. नाव राहील, आपण दोघी गेल्यावरही राहील. तुला हवं होतं ना?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तसं ती रोंडा स्मिटकडं बघायची. मग शब्द जुळवायला लागली. ओठ हलायचे, थांबायचे.

"शून्य," ती म्हणाली. "माझं आहे. कमावलंय."

मी दुसऱ्या दिवशी शेलीला घेऊन शाळेत गेले, कारण सही तिचीच चालणार होती. शेली रडत होती, म्हणत होती की मावशी, आई गेल्यावर आमच्याकडं दुसरं काय राहणार आहे. मी तिला सांगितलं, तुझ्या आईनं उभ्या जन्मात दोन गोष्टी मागितल्या. पहिली आपण दिली नाही, दुसरी तरी देऊ. तिनं सही केली. ब्रेडीनं शाळा सुटल्यावर पट्टी काढली आणि वरच्या पट्ट्या जरा खाली सरकवून भोकं झाकली. आता बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही की तिथं कुणी होतं.

मी जाऊन सांगितलं तेव्हा लव्हॉननं नुसती मान हलवली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. एप्रिलमध्ये, शेतं नांगरायला सुरुवात झाली त्या आठवड्यात, तिला दुसरा झटका आला.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध. पार न्यूयॉर्कच्या पेपरात मृत्युलेख आला. त्यात तिचा नवरा नव्हता, बस नव्हती, रोंडा स्मिट नव्हती. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण तिला अखेर लाभला, असं होतं. फोटो तोच, गालांवर पाणी.

दफन झाल्यावर दोन दिवसांनी नॅडीनचा फोन आला. आवाज बसलेला होता. पट्टी काढल्याचं तिला समितीकडून कळलं होतं.

"आर्डी, मला फक्त कारण सांग. मी रागावलेली नाही. दुखावलेय."

"तिला नको होतं ते."

"पण मी तिला सगळ्यात मोठी गोष्ट दिली. मला आयुष्यात सगळ्यात जास्त आनंद ज्यानं मिळाला, तेच दिलं. ह्याहून जास्त काय देणार होते मी?"

ती खरं बोलत होती. मला आधी वाटायचं, हिनं कॅमेऱ्यासाठी केलं. तसं नव्हतं. तिच्या मते गार्ड म्हणजे फॉरवर्ड होता न आलेली पोरगी, आणि तिनं मनापासून दया केली होती. ते मला जास्त लागलं.

"नॅडीन, एक विचारू?" मी म्हटलं. "त्या अंतिम सामन्यात लव्हॉननं रोंडाला कसं अडवलं, सांग बरं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय करायची ती नेमकं? पुस्तकात त्या सामन्यावर तू अख्खं प्रकरण लिहिलंयस. सांग."

ती सामन्याचे शेवटचे आकडे सांगायला लागली.

"तू तिथं होतीस," मी म्हटलं. "रेघेच्या पलीकडं उभी, तोंड आमच्याकडं. लव्हॉन तुझ्यापासून दहा पावलांवर होती. सगळा सामनाभर."

"खरं सांगू आर्डी?" ती हळू आवाजात म्हणाली. "चेंडू तुमच्याकडं असला की मी दम खायचे. पुढच्या फेकीचा विचार करायचे. तुमच्याकडं बघत असायचे, पण... नाही गं. मी पाहिलंच नाही कधी."

इतक्या वर्षांत ही एकच गोष्ट ती माझ्याशी सरळ बोलली असेल. माझा राग थोडा उतरला. वाटलं, जाऊ दे, उशिरा का होईना, कबूल करतेय. मर्ना गेली, लव्हॉन गेली, कोच गेले. एवढी एक उरलीय जिला ती संध्याकाळ आठवते. तिला तरी सांगावं.

"लव्हॉन चेंडूकडं बघायचीच नाही," मी सांगायला लागले. "आम्ही दोघी बघायचो, ती नाही. पहिल्या पाच मिनिटांतच तिच्या लक्षात आलं होतं की रोंडा फेकायच्या आधी—"

"थांब, थांब आर्डी," नॅडीन म्हणाली. तिच्या आवाजात एकदम जीव आला होता. मागं खण उघडल्याचा आवाज झाला. "जरा हळू सांग, मी लिहून घेते. शरद ऋतूत पुस्तकाची नवी आवृत्ती काढतोय आम्ही, ह्याला तिथं मस्त जागा आहे. हं, बोल. रोंडा फेकायच्या आधी काय?"

मी फोन ठेवला. तो पुन्हा वाजला, मी उचलला नाही. रोंडा फेकायच्या आधी काय करायची ते आता जगात मला एकटीलाच माहीत आहे, आणि मी ते कुणाला सांगणार नाही.